टोचनावर पुलगाव

नाचणगावला प्रवास म्हणून कोणी जात नाही. शेजारच्या पुलगाव स्टेशनवर उतरणारा माणूस एक तर घरी आलेला असतो, नाहीतर लग्नाला. वाट चुकून कोणी आलाच, तर पहिल्याच टपरीवर त्याला चहाबरोबर परतीच्या गाडीची वेळ सांगतात. मी मात्र गेल्या मार्चमध्ये पुण्याहून तिथं मुद्दाम प्रवास करून गेलो, स्वतःच्या मोटारीनं, आणि परत आलो रेल्वेनं. मधल्या तीन दिवसांत काय झालं ते लिहून ठेवतो आहे. कोणाला अशी गाडी घ्यायची हौस असेल तर त्यानं वाचावं. कोणाला बाप असेल तर त्यानंही वाचावं.

आधी गाडीचं सांगतो. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची परदेशी कूपे. वय चौदा वर्षं, आणि मी तिचा चौथा मालक. इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर नावाचा प्रकार बसवलेला. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा एक भाता, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे गाडी उडाल्यासारखी पळते आणि पळताना शीळ घालते. त्या शिळेवर माणूस भाळतो आणि तिथंच फसतो. नवी होती तेव्हा ती एखाद्या बंगल्याच्या किमतीची होती. मला साध्या नव्या गाडीच्या भावात मिळाली. किंमत उतरली तरी देखभाल उतरत नाही, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हत्ती स्वस्तात मिळाला तरी त्याला चारा हत्तीचाच लागतो.

पहिल्या वर्षात पट्टा गेला. मग पट्टा ताणून धरणारी पुली गेली. सुपरचार्जरच्या पोटात त्याचं स्वतःचं वाटीभर तेल असतं, ते कोणी बदलत नाही. माझ्या आधीच्या तिघांनीही बदललं नव्हतं. पुण्यातला गॅरेजवाला गाडीला नुसता कॉम्प्युटर लावून बघायचे जेवढे पैसे घेई, तेवढ्यात आमच्या गावाकडे मोटरसायकलचं इंजिन बांधून मिळतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात त्यानं मला समोर बसवून सांगितलं, "सुपरचार्जरच्या खालून पाण्याचे पाइप जातात, प्लॅस्टिकचे. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं त्यांचा पापड होतो. ते बदलायचे तर वरचं सगळं उतरवावं लागतं. लांब जाणार असाल तर आधी हे करून घ्या." मी खर्च विचारला, त्यानं सांगितला. मी म्हटलं, परत आल्यावर बघू. आणि जवळजवळ तेवढेच पैसे मोजून मी गाडीवर बाहेरून चकाकीचा थर चढवून घेतला.

पाइप कोणाला दिसणार होते? मला गाडी दाखवायची होती.

कोणाला, तेही सांगतो. माझे वडील पुलगावच्या एका व्यापाऱ्याकडे एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. शेठचं बाजारात धान्याचं आणि सरकी-ढेपेचं दुकान, मागे घर, घराला लागून गॅरेज आणि गॅरेजात पांढरी अँबेसिडर. आमचं घर आजोबांच्या काळात बौद्ध झालेलं. शेठ शिवी देत नसत, पगार अडवत नसत, दिवाळीला कापड देत. फक्त बाबांचा स्टीलचा ग्लास गॅरेजच्या कठड्यावर वेगळा असे. आणि चावी. संध्याकाळी गाडी लावली की चावी शेठच्या हातात द्यायची नसे. ती कठड्यावर ठेवायची, "गाडी लावली" म्हणायचं, दोन पावलं मागं सरायचं. मग शेठ येऊन ती उचलायचे. मी बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा हे रोज पाहायचो. मला वाटायचं, मोटारीच्या चावीची पद्धतच अशी असते. तसं काही नसतं हे कळायला मला नागपूरच्या हॉस्टेलपर्यंत जावं लागलं.

म्हणून ही गाडी. बाबांना शेजारच्या सीटवर बसवायचं आणि भरल्या बाजारातून, त्या दुकानासमोरून, हळूहळू न्यायचं. बायकोला मी सांगितलं होतं की हौस आहे. हौस कसली? राग होता, आणि तो चाळीस वर्षं मुरलेला होता.

पहिला दिवस: नाचणगाव

समृद्धी महामार्गावरच्या तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथून खाली उतरलो तेव्हा कुठे जमीन दिसायला लागली. गहू निघालेला, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, आणि मधूनच एखादा पळस असा लाल की डोळ्यांवर यावा. पुण्यात राहून मी विसरलो होतो की इकडे मार्चमध्येच दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

घरापुढे गाडी थांबली आणि पाच मिनिटांत अर्धी गल्ली जमली. पुण्यात आमच्या सोसायटीतले लोक नवी गाडी पाहतात आणि न पाहिल्यासारखं करतात. इकडे लपवाछपवी नसते. गाडीला हात लावतात, खाली वाकतात, काचेला नाक लावतात, आणि सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात.

"अॅव्हरेज किती देते?"

"सात."

मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात शेजारचे बबनभाऊ म्हणाले, "बाप्पा! डिझेल नाई, पेट्रोल. आन् सात?"

"आन् गावातल्या ब्रेकरवर पोट घासन हिचं," दुसरा म्हणाला.

माझ्या धाकट्या भावाची बायको, सुनीता, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बाबा तिच्याकडे आणि भावाकडे राहतात. भाऊ कामाला वर्ध्याला जातो. तिनं गाडीत डोकावून पाहिलं. "भाऊजी, मांगं मानूस कसं बसते?"

"मागं माणूस बसत नाही, सामान ठेवायचं."

"एवढ्या मोठ्या गाडीत दोनच मानसं?" ती म्हणाली, आणि तांब्या माझ्या हातात दिला.

बाबा ओट्यावर बसूनच होते. गर्दी पांगल्यावर उठले. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी घातली. चकाकीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. टायर पाहिले. मग कसंबसं खाली वाकून इंजिनाखालच्या जमिनीवर बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं.

"गोड वास येऊन राह्यला."

"एसीचं पाणी असेल, बाबा."

"एसीच्या पान्याले वास नसते. बोनट उघड."

मी उघडलं. वर काळंभोर प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर चंदेरी अक्षरं. बाबांनी थोडा वेळ पाहिलं. "इंजिन कुठी हाय?"

"याच्या खाली."

"झाकून काऊन ठेवलं?"

"दिसायला चांगलं दिसतं."

"हं. चालू कर."

मी चालू केलं. शीळ घुमली, आणि तिच्या खालून ती दुसरी बारीक खडखड, डब्यात चणे हलवल्यासारखी. पुण्यात तीन महिने मी ती ऐकत होतो आणि गाणी मोठी करत होतो. बाबांनी झाकणावर तळवा ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा. "पट्टा नाई हा. आतून बोलून राह्यली."

"सुपरचार्जर जुना झाला की करतो असा आवाज. चालतं."

"चालते, असंच म्हनते सारे," बाबा म्हणाले. मग एकाएकी त्यांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. "दे बरं चावी. एक चक्कर मारतो. इथंच, शाळेपर्यंत."

मी त्या हाताकडे पाहिलं आणि माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला लाज वाटते. त्यांचे डोळे, त्यांचं वय, विमा, अरुंद गल्ली, आणि नव्या चकाकीवर पडू शकणारा ओरखडा. शहाणा मुलगा होऊन मी म्हणालो, "बाबा, ही ऑटोमॅटिक आहे. पाय जरा जोरात पडला की उडते. उद्या पाहू." चावी मी ओट्याच्या कठड्यावर ठेवली आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकलो.

बाबांनी हात मागे घेतला, सदऱ्याला पुसला. "हो. उद्या पाहू," म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं सुनीतानं चावी उचलून आत खुंटीला अडकवली.

दुसरा दिवस: कारंजा आणि परत

बेत माझाच होता. शेठना नागपूर-अमरावती रस्त्यावर न्यायचं असलं की बाबा कारंज्याच्या एका ढाब्यावर थांबायचे. शेठ आत पंख्याखाली, ड्रायव्हर लोक बाहेर खाटेवर. त्याच ढाब्यावर बाबांना आत बसवून जेवू घालायचं, आणि येताना संध्याकाळी पुलगावच्या बाजारातून यायचं. सकाळी सात वाजता जाताना दुकानं बंद होती. त्याचं मला दुःख नव्हतं. खरा कार्यक्रम संध्याकाळचा होता.

गाडी पुसलेली होती. बाबांनी पहाटे उठून ओल्या फडक्यानं पुसली होती, चाकांसकट. मी सुनीतावर चिडलो की त्यांना का करू दिलं. ती म्हणाली, "मी कोन त्यायले सांगनारी?"

शेजारी बसणं त्यांना अवघड गेलं. सीट इतकी खाली की आधी बूड टेकवलं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. "बाजूले कदी बसलोच नाई मी," ते म्हणाले. आणि खरंच त्यांना बसता येत नव्हतं. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जाई. समोरून ट्रक आला की डावा हात गिअर शोधायचा, आणि तिथं दाराचं हँडल लागायचं.

आर्वीला आलूबोंडा खाल्ला. इकडे तो कोरडा कोणी खात नाही; प्लेटीत कुस्करून त्यावर लालभडक तर्री ओततात आणि वर चिरलेला कांदा. पुण्याचा वडापाव हातात धरून चालता चालता खाता येतो, याला मात्र बसावंच लागतं. बाबांनी दोन प्लेटी खाल्ल्या. आर्वीच्या पुढे रस्ता हळूहळू चढतो, सागाची पानगळ झालेली, आणि कारंज्याकडे संत्र्याच्या बागा लागतात. झाडं फुलांवर होती. मी काच खाली केली आणि संत्र्याच्या फुलांचा वास आत आला.

बाबांना दुसराच वास आला. "उभी कर. गोड वास वाढला."

"बाबा, संत्र्याची फुलं आहेत."

"मले संत्रा नको शिकवू. पानी जाऊन राह्यलं हिचं. उभी कर."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "बाबा, ही अँबेसिडर नाही. हिला काही झालं तर ही स्वतः सांगते. दिवा लागतो."

"दिवा लागेपर्यंत थांबाचं का मंग?"

मी काच वर केली. एकतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याची गाडी एकदाही रस्त्यात बंद पडू दिली नाही, त्यांना मी गाडी शिकवत होतो.

ढाब्यावर आता काचेची एसी खोली झाली आहे. बाबांना मी तिथं नेऊन बसवलं, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, डाळभाजी, ज्वारीची भाकर मागवली. बाबा काचेतून बाहेर पाहत होते. कडुनिंबाखाली खाटा टाकलेल्या, त्यावर चार-दोन ट्रकवाले. "मी तिकडं बसतो. इथं गार लागते," म्हणाले आणि उठून गेले. टेबलावर दोन ताटं आणि मी एकटा. वाढणाऱ्यानं विचारलं, "काका कुठी गेले?" शेवटी मी दोन्ही ताटं उचलून बाहेर गेलो. किती वर्षं मनात रचलेलं दृश्य होतं ते, आणि ज्याच्यासाठी रचलं त्यालाच ते नको होतं.

खाटेवर बाबा रंगात आले होते. एका वयस्क ट्रकवाल्याला ते गाडीचा आवाज करून दाखवत होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, पाइप चिरला असन कुठीतरी. पानी पाहून घ्या. अॅव्हरेज काय देते?"

"सात."

"मंग माह्या ट्रकापरीस दोनच जास्त!" सगळे हसले, बाबाही हसले. मी म्हटलं, दिवा लागलेला नाही. ट्रकवाल्यानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी ताटाकडे. जेवण झाल्यावर बाबांनी ढाब्यावरून तेलाचे दोन रिकामे कॅन मागून घेतले, विसळले, पाण्यानं भरले आणि आपल्या पायाशी ठेवले. एवढ्या महागड्या गाडीत तेलकट कॅन! मला राग आला होता, हेही लिहिलंच पाहिजे.

परतीच्या वाटेवर आर्वी मागे पडली, आणि पुलगाव दहा-बारा किलोमीटरवर असताना दिवा लागला. लाल. पडद्यावर अक्षरं आली की ताबडतोब थांबा. थांबेपर्यंत बोनटच्या दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ निघत होती.

बाबा म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते एकेक पाय बाहेर काढून उतरले. शेजारच्या शेतातून दोघं जण धावत आले, एकाच्या हातात भरलेली बादली. इकडे वाफ दिसली की लोक बादली घेऊनच धावतात. गाडी कोणाची, हा प्रश्न नंतर. मी बोनट उघडलं आणि त्यानं पाणी फेकायला बादली मागं नेली, तोच बाबांनी त्याचं मनगट धरलं. "थांब बाप्पा! तापल्या इंजिनावर थंड पानी मारलं तं हेड तडकते."

तासभर थांबून बाबांनी दोन्ही कॅन सावकाश आत ओतले. वरून जेवढं गेलं तेवढं खालून आलं. पाण्याबरोबर काळ्या प्लॅस्टिकच्या चिपाही आल्या. बाबांनी एक उचलून बोटांत दाबली, तिचा भुगा झाला. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं पापड म्हटलं होतं ते अगदी बरोबर होतं. इंजिनाचं हेड मात्र तोवर वाकलंच होतं, हे नंतर नागपूरला कळलं. दुरुस्तीचा आकडा मी गाडी ज्या किमतीला घेतली त्याच्या वर गेला. गाडी अजून तिथंच उभी आहे. चकाकी शाबूत आहे म्हणतात.

मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "सर, आर्वी-पुलगाव रोड हे कोणत्या शहरात येतं?" पंधरा मिनिटांनी तिनं सांगितलं की गाडी उचलून नेणारा ट्रक नागपूरहून उद्या सकाळी येईल, आणि रस्त्यात नको, घराजवळ उभी असेल तर बरं. तेवढ्यात गव्हाच्या कुटारानं, म्हणजे भुश्शानं, भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. चालवणारा गजानन, चाळिशीचा, नाचणगावच्याच पुढे जाणारा. "टोचन करून नेतो ना साहेब," तो म्हणाला. टोचन म्हणजे दोरानं बांधून ओढत नेणं. मी गाडीचं पुस्तक वाचलं. न्यूट्रलमध्ये, हळू आणि थोडंच अंतर चालेल, असं लिहिलं होतं. डिकीच्या तळातून हूक काढला, दोर बांधला. बाबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले आणि मी स्टेअरिंगवर.

टोचनावरची गाडी चालवणं ही वेगळी विद्या आहे, हे मला माहीत नव्हतं. इंजिन बंद म्हणजे स्टेअरिंग जात्यासारखं जड होतं आणि ब्रेक दगड होतो. दोर ढिला पडला की पुढच्या झटक्याला मानेचा सांधा निखळतो. अर्धा किलोमीटर मी झटके खात गेलो. मग एका वस्तीजवळ ब्रेकर आला, गजाननानं वेग कमी केला, मी ब्रेकवर पाय दाबला आणि तो दबलाच नाही. गाडीचं लांब नाक सरळ ट्रॉलीच्या मागच्या लोखंडात घुसलं. बंपर फाटला, बोनटची कड वर आली, आणि वरून मूठभर कुटार पडलं.

गजानन उतरून आला. नुकसान पाहिलं, मला पाहिलं. "साहेब, तुमाले टोचन येत नाई. काकाले बसवा. काका जुने डायवर हाय ना?"

बाबा मडगार्डवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. पुढे आले नाहीत. मीच त्यांच्यापर्यंत गेलो आणि चावी पुढे केली. "बाबा, तुमी चालवा."

त्यांनी हात सदऱ्याला पुसला, माझ्या हातातून चावी घेतली. चपला काढून सीटच्या मागे ठेवल्या. "अनवानी पायाले गाडी समजते," म्हणाले. मी शेजारच्या सीटवर बसलो.

पुढचे दहा किलोमीटर या सगळ्या प्रवासातले एकमेव चांगले. दोर एकदाही ढिला पडला नाही. त्या दगडी ब्रेकवर त्यांनी पायाचा एवढासा भार सतत ठेवला होता, ट्रॅक्टर ओढील आणि ही किंचित अडवील, असा. उजवा हात खिडकीबाहेर, गजाननला खुणा करत. गुडघ्यांची तक्रार कुठच्या कुठे गेली. "वजनदार हाय," एकदा म्हणाले, "पन आयकते." थोड्या वेळानं विचारलं, "चालू असली का अशीच आयकते?"

"याहून जास्त," मी म्हणालो. काल शाळेपर्यंत एक चक्कर मागितली होती त्यांनी. चालत्या गाडीची. आज माझ्या हातात द्यायला मेलेलीच उरली होती.

आणि मग पुलगावचा बाजार आला. वेळ मी ठरवली होती तीच, गर्दी मला हवी होती तेवढीच. पुढे कुटाराची ट्रॉली, मागे दोर, दोराला लांब नाक फुटलेली गाडी, आणि माणसाच्या चालीचा वेग. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली; गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, शाळेत माझ्याच वर्गात होता. तो उठून पायरीवर आला. आधी त्यानं गाडी पाहिली, मग स्टेअरिंगवर बसलेले बाबा पाहिले, मग त्यांच्या शेजारी आरामात बसलेला मी.

"काय डायवर!" तो ओरडला. "आता पोरानं नोकरीवर ठेवलं का?"

त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, ओळखीचा आनंदच होता. आजूबाजूचे हसले. मला तेव्हा दिसलं की बाजाराला काय दिसत होतं. बाबा गाडी चालवत होते आणि दुसरा कोणीतरी बसला होता. चाळीस वर्षांपूर्वीचंच चित्र, फक्त शेठच्या जागी मी.

बाबांनी दोरावरची नजर काढली नाही. "दोर ढिला होते शेठ," ते म्हणाले, "आत्ता बोलत नाई."

मला म्हणता आलं असतं की हे माझे वडील आहेत, गाडी त्यांचीच आहे. काच उघडीच होती. दुकान पाच-सहा हातांवर होतं. पण मी सीटवर खाली सरकलो आणि समोरच्या कुटाराकडे पाहत राहिलो. ज्या एका क्षणासाठी एवढं केलं तो आला आणि गेला.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गजाननानं दोर सोडला, पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "काकाचं टोचन पाहाले भेटलं, झालं," आणि निघून गेला. बाबांनी चाकामागं दगड लावले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं स्टेअरिंग पुसलं, आपण बसलेली सीट पुसली, चपला घातल्या. मी ओट्याजवळ उभा होतो. काय बोलायचं ते मनाशी जुळवत होतो, की दुरुस्त झाली की तुम्हीच चालवा, पार वर्ध्यापर्यंत. मी हात पुढे केला.

बाबा जवळ आले. माझ्या हाताच्या बाजूनं त्यांचा हात पुढे गेला आणि त्यांनी चावी कठड्यावर ठेवली, काल मी ठेवली होती त्याच जागी. "गाडी लावली," म्हणाले. दोन पावलं मागं सरले आणि हातपाय धुवायला गेले.

सवयीनं झालं की जाणून, हे मी विचारलं नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटली. सुनीता दारातून पाहत होती. तिनंही त्या दिवशी चावी उचलली नाही.

सकाळी नागपूरचा ट्रक आला. माणसानं गाडीभोवती फिरून फोटो काढले आणि चावी मागितली. बाबा आत चहा पीत होते. चावी रात्रभर कठड्यावरच होती. मी गेलो आणि उचलली.